वायफाय जोडलंय, पण नेट नाही!

संपादक साहेब, नमस्कार.

आमच्याकडे अमळनेरला लाईट गेली-आली की राउटर बंद-चालू होतो, त्याची सवय झालीय, पण मागच्या आठवड्यात वेगळंच झालं, लॅपटॉपवर वायफाय जोडलेलं दिसतंय आणि खाली "नो इंटरनेट". हेल्पलाईनला फोन केला तर तेच एक, राउटर बंद करून चालू करा. चार वेळा केलं भाऊ! त्याच वायफायवर मोबाईल मस्त चालत होता, म्हणजे दोष लाईनमध्ये नाही लॅपटॉपमध्ये आहे, एवढं तरी त्यांनी विचारायला नको का?

शेवटी भाच्याने कमांड प्रॉम्प्टमध्ये (विंडोजची हुकूम टाइप करायची काळी खिडकी) आयपीकॉन्फिग (ipconfig) टाकून लॅपटॉपचा आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा त्याचा नंबर, बघितला. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला तर राउटरकडून पत्ताच मिळाला नाही असं समजायचं म्हणे, पण आमचा होता १९२.१६८.०.५० आणि राउटरचा १९२.१६८.१.१, दोघांच्या गल्ल्याच वेगळ्या! मुलाने हॉस्टेलवर हाताने टाकलेला पत्ता तसाच राहिला होता. सेटिंगमध्ये आयपी ऑटोमॅटिक (डीएचसीपी, म्हणजे राउटरच पत्ता देतो) केला, दोन मिनिटांत नेट सुरू. तिथेच डीएनएसही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देतो तो) ऑटोमॅटिक करून घ्यावा, आणि लॅपटॉपची तारीख चुकली असली तरी साइट उघडत नाहीत, तीही बघावी.

पीकविम्याचा फॉर्म भरायला चाळिसाच्या वर उन्हात सायबर कॅफेवर जाऊन आलो मी यापायी. कंपन्यांनी एवढी माहिती मराठीत एका कागदावर छापून राउटरच्या खोक्यात टाकावी, खर्च तो किती येणार?

– एक वाचक, अमळनेर, जि. जळगाव