यंदा येळवसाला ये, पोराला घेऊन ये

प्रिय माऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा फोन झाला तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय बघ. तू म्हणालीस की पोरगा मोबाईल सोडत नाही, सुट्टीला कुठं न्यायचं म्हटलं तर मॉल नाहीतर रिसॉर्ट, एवढे पैसे भरून तिथं गेलं तरी हा खुर्चीत बसून गेमच खेळतो, आणि बाबा तुम्ही आम्हाला कसं काय फिरवत होता, तेव्हा तर आपल्याकडं काहीच नव्हतं. मी फोनवर काहीतरी बोलून वेळ मारून नेली पण नंतर झोप लागेना. तुझी आई म्हणाली, जे काय आहे ते लिहून पाठवा की तिला. म्हणून सकाळपासून टाइप करायलोय, लांब होणार आहे, सवडीनं वाच.

काही नव्हतं हे खरंय. चादरीच्या कारखान्यात जॉबर होतो, माग चालू ठेवायचं काम, आठवड्याला एक सुट्टी, एक पाळी दिवसाची तर एक रात्रीची. स्कूटरवर आपण चौघं, दादा पुढं उभा, मग मी, मग तू दोघांच्या मधी चेपून आणि मागं आई, तिच्या मांडीवर डब्याची पिशवी. आणि ती निळी चादर. आठवती का? मोराची नक्षीवाली, काठाचा धागा सुटला म्हणून सेकंडमधी निघाली होती, मी कारखान्यातून स्वस्तात आणली होती. जिथं जाईल तिथं ती अंथरायची आणि त्यावर आपलं घर मांडायचं. कडक भाकरी, शेंगाची चटणी, वर दही, एखादा कांदा बुक्कीनं फोडलेला. तू चटणीत दही कालवायचीस आणि दादा म्हणायचा कालवू नको, चटणी खराब होती, आणि त्यावरून तुमची मारामारी.

मला वाटायचं मी पोरांना लई मोठं काही दाखवत नाही. लोकं महाबळेश्वरला जायची, गोव्याला जायची. आपण नान्नजला माळरानावर. पण माऊ, तिथली एक सकाळ मला अजून अशीच्या अशी दिसती. थंडीचे दिवस, अंधारातच निघालो होतो बार्शी रोडनं, तुझ्या कानाला आईनं मफलर घट्ट बांधलेला. माळढोक बघायचा होता. १९७९ साली तो पक्षी वाचावा म्हणून अभयारण्य झालं, आपल्या सोलापूरची केवढी शान होती ती. माळढोक काय दिसला नाही आपल्याला. गवत पिवळंधमक, त्यावर दव, चंडोलाचा आवाज येतोय पण पक्षी दिसत नाही, आणि तू, एका जागी दोन मिनिटं न बसणारी पोरगी, माझ्या गुडघ्याला पाठ टेकून तासभर गप बसलीस. मग काळविटांचा कळप आला. पुढं एक काळा नर, शिंगं पिळाची, त्यानं मान वळवून आपल्याकडं बघितलं आणि नंतर सगळा कळप उड्या मारत गेला, पाय जमिनीला लागतात का नाही असं. तू ओरडली नाहीस. माझं बोट इतकं घट्ट धरलंस की नखं रुतली. आता म्हणतात माळढोक जवळजवळ दिसेनासाच झालाय. वाईट वाटतं. पोराला काळवीट तरी दाखवू.

नळदुर्गचा किल्ला तर तुला माहितीच आहे, पावसाळा लागला की तुझा एकच हट्ट. हैदराबाद रोडनं पन्नास किलोमीटरच्या आत, पण तेव्हा ते लई लांब वाटायचं. बोरी नदीवरचा तो बंधारा, त्याच्या पोटातला पाणी महाल, इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात १६१३ साली बांधलेला. वरून अख्खी नदी कोसळतीय आणि आपण आत खिडकीत उभं, पाणी डोळ्यासमोरनं खाली जातंय आणि अंगावर थेंब नाही. दादानं विचारलं होतं बाबा ही भिंत पडली तर, आणि आईनं त्याच्या पाठीत धपाटा घातला होता. नर-मादी दोन्ही धबधबे वाहताना बघायचं तर वरचं धरण भरावं लागतं, दरवर्षी होतच नाही ते. यंदा झालं होतं, पेपरात फोटो आला, मी तुला पाठवला, तू नुसतं अंगठ्याचं चिन्ह पाठवलंस. कामात होतीस, मला कळतं ते.

उन्हाळ्यातलं तर फिरणं पण नव्हतं. मे महिन्यात सोलापूरला ४४ डिग्री, पत्र्याच्या खोलीत कोण झोपणार. संध्याकाळी सहाला गच्चीवर चार बादल्या पाणी मारायचं, पहिल्या बादलीला नुसती वाफ निघायची, दुसरीला वास यायचा मातीचा, मग रात्री नऊला गाद्या. पाण्याचा तांब्या उशाशी. शेजारचे सगळे आपापल्या गच्चीवर, कुणी तेलुगूत बोलतंय, कुणी कानडीत, मधीच कुणाचा तरी रेडिओ. तू सप्तर्षी शोधायचीस आणि सहाव्या ताऱ्याला झोपायचीस. त्याला कुणी सहल म्हणत नाही, पण मी म्हणतो ती सहलच होती, सलग दोन महिन्यांची.

आता जे सांगायला बसलोय ते सांगतो.

तू तिसरीत होतीस, आपण कुडलला गेलो होतो. हत्तरसंग कुडल, विजापूर रोडनं मंद्रूपच्या पुढं जाऊन आत वळायचं, भीमा आणि सीना जिथं भेटतात तिथं. डबा खाऊन झाला, शिवलिंग बघून झालं, ते उत्खननात निघालेलं, अंगावर सगळीकडं ३५९ छोटे छोटे चेहरे कोरलेलं. तू ते मोजायला बसली होतीस. चाळीसपर्यंत गेलीस, परत चुकलीस, परत पहिल्यापासून. मी म्हणालो चल. मग संगमेश्वराच्या मंडपात तू वर तुळईकडं बघून म्हणालीस, बाबा वर काहीतरी लिहिलंय, मला खांद्यावर घ्या. घेतलं. तू बोट हवेत फिरवत अक्षरं लावायला लागलीस, ह्याला काना आहे, हा व असेल का, बाबा हे काय आहे. आणि मी म्हणालो, कानडीत असेल काहीतरी, चल उतर, उशीर व्हायलाय.

रात्रपाळी होती मला. आठच्या आत कारखान्यावर पोचायचं होतं. तू खांद्यावरनं उतरायला तयार नव्हतीस तर मी ओढून उतरवलं. रडलीस. परत येताना स्कूटरवर सगळे गप. नदीत पाय बुडवायचं पण राहिलंच, आईनं तुला तसं कबूल केलं होतं.

आणि त्या रात्री लाईटच नव्हती. माग बंद. सकाळपर्यंत आम्ही सगळे कामगार पायरीवर बसून डास मारत होतो. हे मी तुला आजपर्यंत सांगितलं नाही.

नंतर किती वर्षांनी पेपरात वाचलं की कुडलचा तो लेख शके ९४० चा आहे, म्हणजे १०१८ साल, हजार वर्षं झाली त्याला. मराठीतल्या सगळ्यात जुन्या लेखांपैकी एक. आणि त्याच्या शेवटी मराठीत जे कोरलंय त्याचा अर्थ, जो वाचेल तो विजयी होईल. माझी पोरगी तिसरीत, खांद्यावर बसून नेमकं तेच वाचायला बघत होती आणि मी तिला कानडी आहे म्हणून खाली ओढलं. कारखान्यात डबा खाताना वाचलं ते मी, घास गिळेना. तू तेव्हा इंजिनिअरिंगला होतीस, हॉस्टेलला. फोन करून सांगावं वाटलं पण काय सांगणार.

तुम्हाला फिरवलं, हे खरंय. पण प्रत्येक ठिकाणी मी घड्याळ बघत होतो. गड्ड्याच्या जत्रेला गेलो तर पाळण्यात एकदा बसा आणि चला, सिद्धेश्वराच्या तळ्यावर गेलो तर बदकाला चुरमुरे टाकून झाले का चला, चला हा शब्द मी दिवसातनं शंभर वेळा म्हणत असेन. मागच्या दिवाळीत तू आलीस तेव्हा पोरगा अंगणात मुंग्यांची रांग बघत बसला होता, वाटीतली साखर एकेक दाणा करून टाकत होता, आणि तू आतनं म्हणालीस चल रे, उशीर होतोय, आवर लवकर. आवाज माझाच होता माऊ. अगदी माझाच. तो उठला आणि आत येऊन मोबाईल घेऊन बसला. तुला दिसलं नसेल, मी बघत होतो. तुला बोल लावायला हे लिहीत नाही. नोकरी, ट्रॅफिक, दोघांची ऑफिसं, तुझी धावपळ आमच्यापेक्षा जास्तच आहे. पण मोबाईलचं तू विचारलंस म्हणून सांगतो, मला वाटतं पोरगं मोबाईलकडं तेव्हा जातं जेव्हा त्याचं चालू असलेलं काम कुणीतरी मधीच तोडतं.

म्हणून यंदा ये. रजा टाक. येळवसाला, म्हणजे येळ अमावस्येला, मामाच्या शेतात जाऊ, अक्कलकोटच्या बाजूला. मामा दरवर्षी विचारतो, माऊ नाही आली का. तुला सगळं आठवतंच असेल पण पोरानं कधी बघितलं नाही ना. शाळू छातीएवढा वाढलेला, मधी हरभरा, करडई, कडब्याच्या पेंढ्यांची खोप आणि आत चुना लावलेले पाच दगड, पांडव म्हणून पुजायचे. मामी रात्रभर जागून भज्जी करती, हरभऱ्याचे, तुरीचे, वालाचे कोवळे दाणे आणि जेवढ्या म्हणून पालेभाज्या शेतात आहेत तेवढ्या सगळ्या त्यात. बाजरीचे उंडे, शेंगाची पोळी, माठातली गार अंबील. रानात ओळखीचा-अनोळखी कुणी जरी दिसला तरी त्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही. मग पिकाभोवती अंबील शिंपडत फिरायचं, मोठ्यानं ओरडत, अर्धं मराठी अर्धं कानडी. पोराला ओरडायला मिळणार आहे, तेही कुणी गप बस म्हणणार नाही. फ्लॅटमधी कुठं मिळतं ओरडायला.

दुसऱ्या दिवशी हुरडा. मामानं गूळभेंडी ज्वारी लावलीय खास, शाळूचा हुरडा पण होतो पण गूळभेंडीची चव वेगळी. आगटी पेटवायची गोवऱ्यांची, कणसं निखाऱ्यात खुपसायची, काळी पडली की काढायची आणि गरम गरमच तळहातावर चोळायची. हे काम पोराला द्यायचं. पहिल्यांदा भाजेल, हात झाडेल, मग परत करेल. चोळलं की फुंकर मारायची, कूस उडून जाती, खाली हिरवे दाणे राहतात दुधाळ. कूस गळ्यात गेली की खाज सुटती, सुटू दे, तुला पण सुटायची, तू मानेला हात लावत लावत खायचीस. मोबाईल काढून घेऊ नको त्याचा. खिशात असू दे. दोन्ही हात राखेनं काळे झाले की तो कुठल्या हातानं धरणार आहे.

त्या चादरीला जे भोक आहे ते असल्याच एका आगटीतल्या ठिणगीचं आहे. आईला मी रफू करू दिलं नाही. काल माळ्यावरनं काढली, डांबराच्या गोळ्यांचा वास येतोय, उन्हात घातलीय. रंग उडालाय पण वीण एक धागा हललेली नाही, सोलापूरची चादर आहे ती.

आणि तिसऱ्या दिवशी कुडल. त्या दिवशी दुसरं काहीच ठरवायचं नाही, ना देवदर्शन ना कुणाकडं चहा. मागनं अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर सगळं एका दिवसात जोडायचं डोक्यात आणू नको, जावईबापूंना पण आत्ताच सांगून ठेव. पोराला ३५९ चेहरे मोजायचे असले तर मोजू दे. चुकला तर परत मोजेल. आता मला रात्रपाळी नाही आणि कोणी वाट बघत नाही. तुळईवरची अक्षरं बघायला त्याला मी खांद्यावर घेईन म्हणतो, गुडघ्याचं काय ते बघू, नाहीतर जावईबापू उंच आहेत. पण वाचून तू दाखवायचं. तुझं राहिलंय ते.

हुतात्मा एक्सप्रेसनं येणार असशील तर रात्री मी स्टेशनला येतो, गाडी घेऊन आलात तर सोलापूरच्या अलीकडं बाळे गावाला पोचलात की फोन कर, आई भाकरी टाकायला घेईल. त्याला एक स्वेटर घे, रानात पहाटे लई गारवा असतो. टोपी इथं आहे. बूट घाल त्याला, कुडलला बाभळीचे काटे आहेत, चपलेतनं घुसतात. लेसवाले असले तरी चालतील, नदीत उतरताना तो बसून सोडेल निवांत, आपण थांबू.

तुझे,
बाबा