लेन्सवाल्या काकांना, मनापासून

काका, तुम्ही हे वाचाल की नाही माहीत नाही, पण त्या दिवशी तुमच्या दुकानातून निघताना घसा इतका दाटून आला होता की नीट थँक्यू पण म्हणता आलं नाही, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितेय.

आठ महिने मी त्या ८५ एमएम एफ १.८ लेन्सशी झगडत होते. भाचीचा एक फोटो आहे, खिडकीजवळचा, फोकस पॉइंट बरोब्बर डोळ्यावर ठेवलेला, आणि झूम केलं की पापण्या धुरकट, कानामागचे केस मात्र एकेक मोजून घ्या. असे शेकडो. विकणाऱ्याने सांगितलं एवढं अपर्चर (लेन्समधलं प्रकाश आत सोडणारं छिद्र) उघडलं की फोटो सॉफ्ट, म्हणजे जरा धूसर, येणारच. सर्व्हिस सेंटरने लेन्स तीन आठवडे ठेवून घेतली आणि "स्पेकमध्ये आहे", म्हणजे कंपनीच्या मर्यादेत आहे, एवढं लिहून परत दिली. काउंटरवरच्या माणसाने माझा एकही फोटो बघितला नाही, वर म्हणे मॅडम हात हलत असेल, ट्रायपॉड वापरा. अहो हात हलला तर सगळंच हलेल ना, कानामागचे केस कसे काय शार्प येतील? पण तेव्हा मला हे बोलता आलं नाही, कारण तोवर मलाच वाटायला लागलं होतं की आपल्याला जमत नाही, लेन्स विकून टाकावी.

आणि तुम्ही लेन्सला हात लावायच्या आधी म्हणालात, "फोटो दाखवा." एकेक बघितलात, घाई न करता. भाचीच्या कानापाशी बोट नेऊन म्हणालात, "हा बघा, इथे गेलाय फोकस." मग एकच प्रश्न, लाइव्ह व्ह्यूमध्ये, म्हणजे मागच्या स्क्रीनवर बघून काढला तर, कसा येतो? तिथे बरोबर येतो म्हटल्यावर तुमचा चेहराच खुलला. तुम्ही समजावलंत, व्ह्यूफाइंडरमधून, म्हणजे कॅमेऱ्याला डोळा लावून काढताना फोकस ठरवणारा सेन्सर वेगळा असतो, खाली बसलेला, लाइव्ह व्ह्यूत मात्र थेट मेन सेन्सरवरूनच ठरतं, तेव्हा लेन्सची काच चांगली आहे, लेन्स आणि कॅमेऱ्याचं आपसात जुळत नाहीये एवढंच. लेन्स आपल्या जागी ठीक, बॉडी, म्हणजे कॅमेरा, आपल्या जागी ठीक, पण दोघींचा थोडा थोडा फरक एकाच बाजूला गेला की बेरीज होते, आणि फुल फ्रेमवर (मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यावर) २ मीटरला एफ १.८ ने जेमतेम ६ सेंटिमीटर शार्प मिळतं, त्यात ती बेरीज मावत नाही. पाच मिनिटांत कळलं मला! बॉडी न मागता एकटी लेन्स तपासून "स्पेकमध्ये" लिहिणाऱ्यांना हे माहीत नसेल असं कसं म्हणू?

पुढचं चार्ट, मोजपट्टी, परत परत फोटो, शेवटी फाइन ट्यूनमध्ये (फोकस पुढे-मागे सरकवायची कॅमेऱ्यातली सेटिंग) उणे ९, ते राहू दे. मला आठवतं ते त्यानंतरचं. टेस्ट शॉट तुम्ही स्वतः काढून दाखवला असतात तरी चाललं असतं. तुम्ही ट्रायपॉड बाजूला सारलात, कॅमेरा माझ्या हातात दिलात, चष्मा काढून ठेवलात आणि समोर स्टुलावर जाऊन बसलात. "आता तुम्ही काढा. हातात धरून." मी काढला, झूम केलं, तर डाव्या भुवईतला एक पांढरा केस, खाली प्रत्येक पापणी वेगळी, आणि बुबुळात तुमच्या दुकानाचं दार. तुम्ही वाकून बघितलंत आणि म्हणालात, "हात चांगलाय की तुमचा."

काका, हे एक वाक्य मला आठ महिने कुणाकडून तरी हवं होतं. समोरच्याचं ऐकून घ्यायचं, तो खोटं बोलत नाहीये असं धरून चालायचं, यासाठी कुठलं मशीन लागत नाही, तरी किती कमी ठिकाणी मिळतं हे.

परवा भाचीला परत त्याच खिडकीत बसवलं. पापण्या आल्या. तुमच्या त्या फोटोची पण मोठी प्रिंट काढलीय, पुढच्या आठवड्यात घेऊन येते.