कौलावरचे साल आणि इमारतीचे वय

स. न. वि. वि.

ठाण्यातल्या जांभळी नाक्याजवळची एक जुनी दुमजली व्यापारी इमारत लवकरच पाडली जाणार आहे. तिथल्या एका गाळ्यात माझ्या वडिलांनी चाळीस वर्षे वह्या-पुस्तकांचे दुकान चालवले, म्हणून हे पत्र.

पाडण्याला माझा विरोध नाही. वासे वाळवीने पोखरलेत, जिना हलतो. पण ‘मालकाने लक्ष दिले नाही’ हे नाक्यावरचे बोलणे मला पटत नाही. १९४७ च्या भाडे कायद्याने जुन्या जागांची भाडी सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवली. नवा कायदा लागू झाला तो थेट ३१ मार्च २००० रोजी. मधल्या काळात शाकारणीसाठी आम्ही भाडेकरूच वर्गणी काढत असू. त्या भाड्यात मालक तरी काय दुरुस्त करणार?

दुसरे बोलणे म्हणजे ‘इमारत १८६५ ची आहे’. गेल्या पावसाळ्यात पडलेले एक कौल मी घरी आणले. पाठीवर मंगळूरच्या बासेल मिशनचा छाप आणि खाली १८६५. ते साल त्यांचा कौलांचा कारखाना सुरू झाल्याचे. पुढे कित्येक वर्षे कौलांवर तेच उमटत राहिले. इमारतीचे खरे वय नगर भूमापनाच्या आणि घरपट्टीच्या जुन्या नोंदींत शोधायला हवे.

आणि शोधण्यासारखे पुष्कळ आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली गाडी ठाण्यात आली, १८६३ मध्ये नगरपालिका झाली. एकीकडे खाडी, दुसरीकडे स्टेशन. आपली बाजारपेठ या दोहोंच्या मधली. रस्त्याला ओटा, आत लांबट गाळा, वर मालाचा माळा, त्यावर बिऱ्हाड. शटर नव्हते. उंबऱ्याच्या खाचेत फळ्या ओळीने सरकवायच्या. आमच्या फळ्यांवर वडिलांनी खडूने १ ते ९ आकडे घातले होते, कारण पाचवी सहावीच्या जागी बसतच नसे. दरवर्षी दिवाळीला ते आकडे पुन्हा गिरवायचे काम माझ्याकडे असे.

महापालिकेला माझी कळकळीची विनंती आहे, की अशा इमारती पाडण्याची परवानगी देताना आधी मोजमापाचे नकाशे आणि छायाचित्रे मालकाकडून घ्यावीत. त्यांची एक प्रत १८९३ पासून ठाण्यात असलेल्या मराठी ग्रंथ संग्रहालयाकडे द्यावी. ते कौल आणि पाचवी फळी माझ्याकडे जपून ठेवली आहे. कोणी नोंद करणार असेल तर दोन्ही आनंदाने देईन.

– एक जुना ठाणेकर, नौपाडा, ठाणे