सोडलेल्या जंपची नोंद कुठे आहे?

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य,
यांस सविनय नमस्कार.

वीज उपकेंद्रात ऑपरेटर म्हणून माझी उभी हयात गेली. आता निवृत्त आहे. पावसाळा तोंडावर आला की जे मनात घोळत राहतं, ते आपल्या कानावर घालायचं म्हणून हे पत्र.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या वर, त्यात कोरोनाचे दिवस. वर्षभरातच, मे २०२१ मध्ये, तौक्ते किनाऱ्याला घासून गेलं. अशा वेळी लाईनमन चिखलात उभं राहून पोल कसे उभे करतात ते मी जवळून पाहिलं आहे. त्यांच्याबद्दल माझी एका शब्दाची तक्रार नाही. मला बोलायचं आहे ते वादळ सरल्यावर कागदावर काय उरतं, याबद्दल.

माझ्या नोकरीतलंच एक वादळ सांगतो. गाव आणि कंपनी सांगत नाही. नोंद माझ्या हातची होती. रात्री ११ केव्हीचा फिडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे वीज नेणारी मेन लाईन, बंद पडला. एका वाडीकडे जाणाऱ्या टॅपिंगवरचे, म्हणजे मेन लाईनच्या फाट्यावरचे, चार पोल भातखाचरात आडवे झाले होते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाईनमननी त्या टॅपिंगचे जंप, म्हणजे त्याला मेन लाईनशी जोडणाऱ्या तारा, सोडले, मेन लाईन मोकळी केली. मी उपकेंद्रातला ब्रेकर, म्हणजे फिडरचा स्विच, लावला, लाईन चालू झाली आणि लॉगशीटवर, म्हणजे उपकेंद्राच्या नोंदपत्रकावर, लिहिलं: फिडर चार्ज, १९.४०. त्या एका ओळीने सगळ्या फिडरची वीज कागदावर परत आली. वाडीत ती आली अकरा दिवसांनी. पुढे एका लग्नाच्या निमित्ताने त्या वाडीत गेलो, तर ओटीवरच्या कालनिर्णयवर अकरा चौकटींवर पेन्सिलीने काट मारलेली. घरातल्या आजी म्हणाल्या, "दिवे नव्हते ते दिवस." माझ्या लॉगशीटपेक्षा त्यांची नोंद खरी होती. आजही त्याची मला बोच आहे.

साहेब, वीज कायदा २००३ च्या कलम ५७ नुसार सेवेचे मानक राज्य वीज नियामक आयोग ठरवतो आणि ते पाळलं नाही तर ग्राहकाला भरपाई मिळते. कलम ५९ नुसार कंपनीने आपल्या सेवेची माहिती आयोगाला द्यायची आणि आयोगाने ती वर्षातून एकदा तरी प्रसिद्ध करायची. चक्रीवादळात मानकांतून सूट आहे, आणि ती असायलाच हवी. पण देखभालीत हयगय झाली असेल तर ती सूट नाही, हेही आयोगाच्याच विनियमांत आहे. आता वादळ किती तासांचं होतं आणि त्यापुढचा अंधार कशामुळे राहिला, हे लॉगशीटवरून कळणार कसं? पोल मिळाले नाहीत, गाडी नव्हती, की माणसं कमी पडली? तिथे सरसकट 'नैसर्गिक आपत्ती' लिहून पान उलटलं जातं.

तपासणी लागली की वरून निरोप येतो, "नोंदी जुळवून पाठवा." मग कनिष्ठ अभियंता रात्र जागून महिन्यापूर्वीच्या वेळा आठवून लिहितो. तपासणीची तयारी ही नव्हे. ती पहिला फिडर जातो त्याच रात्री सुरू व्हायला हवी.

पडलेल्या पोलांचंही तसंच. खाऱ्या हवेत लोखंडी पोल जमिनीलगत गंजतो. वारा त्याला फक्त शेवटचा धक्का देतो. पण पडलेला पोल भंगारात गेला की बुडाशी गंज होता की नाही, हे कुणालाच सांगता येत नाही, आणि नव्या पोलाचा खर्च दरनिश्चितीतून फिरून ग्राहकाच्या बिलात येतो. पोल हलवण्याआधी बुडाचा एक फोटो, तारीख आणि जागा. लाईनमनच्या खिशातला मोबाईल त्याला पुरतो.

आयोग स्वतंत्र आहे, त्याच्या कामात आपण पडावं असं मी सुचवत नाही. सरकारी वितरण कंपनीला सूचना देणं मात्र आपल्या हातात आहे. जो अभियंता खरी वेळ लिहील, त्याला त्या वेळेपायी नोटीस येणार नाही, एवढं आपण लेखी कळवा. नोटिशीच्या भीतीनेच आकडे गोल होतात, हे मी खुर्चीत बसून पाहिलंय. मूळ लॉगशीट, खाडाखोड असली तरी, तशीच आयोगापुढे जाऊ द्या.

आणि लॉगशीटवर दोन रकाने वाढवा: टॅपिंगचे जंप कधी सोडले, कधी जोडले. पावसाळ्याआधी छापून होतील.

आपला नम्र,
एक निवृत्त उपकेंद्र ऑपरेटर