नुसती उभी राहते

प्रिय आई आणि बाबा,

फोनवर सांगायला तीनदा सुरुवात केली आणि तीनदा पावसापाण्यावर येऊन थांबले, म्हणून लिहिते आहे.

मागच्या महिन्यात मी मैत्रिणींबरोबर फिरायला गेले नव्हते. इगतपुरीला धम्मगिरीवर दहा दिवसांच्या विपश्यना शिबिराला गेले होते. बाबा, पत्र खाली ठेवू नका. मी देव मानायला लागलेली नाही. आत्मा, पुनर्जन्म, ग्रहदशा, यातलं काहीही मला आजही पटत नाही. तुमच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यक्रमांत गावोगाव फिरून हळदीत चुन्याची निवळी टाकून 'कुंकू' करून दाखवणारी मुलगी मीच आहे. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्याची बातमी आली, तेव्हा तुम्ही पायातल्या चपलाही न काढता दिवसभर खुर्चीत बसून होतात. ते मी विसरलेले नाही, विसरणारही नाही.

पण अण्णाकाका गेले त्या दिवसाचं मला बोलायचंय. सकाळी गेले, मेडिकल कॉलेजची गाडी आली, देहदानाच्या कागदांवर सह्या झाल्या आणि दुपारी दीडला आपण घरी होतो. त्यांच्या इच्छेप्रमाणे सगळं झालं, त्याचा मला अभिमान आहे. दहावं-तेरावं नकोच होतं. तरी दुःख घेऊन घटकाभर बसावं अशी जागाच घरात सापडेना. तुम्ही पुस्तकांच्या खोलीत गेलात, आई ओट्याशी उभी राहिली, मी लॅपटॉप उघडला. नंतरचं वर्षभर तो मी बंदच केला नाही.

शिबिरात पहाटे चारला घंटा होते. फोन जमा, बोलणं बंद. फी नाही, आधी शिबिर केलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. मंत्र नाही, मूर्ती नाही. पहिले तीन दिवस फक्त येणाऱ्या-जाणाऱ्या श्वासाकडे लक्ष द्यायचं. पुढे विपश्यना सुरू झाली की तासभर न हलता बसायचं. सहाव्या दिवशी गुडघ्यात असह्य कळ आली. तिच्याकडे बघत राहिले, तर ती सलग नव्हतीच. विरत होती, पुन्हा उठत होती. आणि अचानक काकांच्या तपकिरीचा वास आठवला. खूप रडले. कोणी समजूत घातली नाही, घाईही केली नाही. ती जागा मला तिथे मिळाली.

रात्रीच्या प्रवचनात जन्मोजन्मीच्या संस्कारांचा विषय निघायचा. तो मी तिथेच ठेवून आले. सगळे होकारादाखल 'साधु, साधु, साधु' म्हणत, तेव्हा मी गप्प राहायचे, कारण न पटलेलं बोलायचं नाही हे तुम्हीच शिकवलंत.

समोर सह्याद्रीचे काळे कडे होते. हा दगड म्हणजे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा, हेही तुम्हीच मला शाळेत असताना सांगितलं होतं. तेव्हा ती माहिती होती. त्या पहाटे कड्यांकडे बघताना माझी मान खाली गेली. कुणापुढे नाही, नुसती गेली. याला अध्यात्म म्हणताना जीभ अडखळते, बुवा-बाबांनी तो शब्द पार झिजवून टाकलाय. पण माझ्यापाशी दुसरा शब्द नाही.

आई, तुळशीला पाणी घातल्यावर तू डोळे मिटून मिनिटभर थांबायचीस. मी एकदा विचारलं होतं, काय मागतेस गं? तू म्हणालीस, "काही नाही. नुसती उभी राहते." बाबा तेव्हा हसले होते, मीही हसले होते. त्याबद्दल मला माफ कर. आणि बाबा, कार्यक्रम आटोपून शेवटच्या एसटीची वाट बघताना तुम्ही फाट्यावर मान वर करून तारे बघत बसायचात. माझ्या प्रश्नांनाही उत्तर द्यायचा नाहीत. मला वाटायचं, दमलात. आता तसं वाटत नाही. तुम्हाला तेव्हा काय वाटायचं, ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.

शनिवारी येते आहे. वाद घालायला मी तयार आहे बाबा, पण जेवण झाल्यावर. आणि आई, पहाटे मी अंगणात बसलेली दिसले तर हाक मारू नकोस. चहा झाला की कप शेजारी ठेव.

तुमची,
धाकटी