तिसऱ्या बाकावरची जागा

शरणपूर रोड, नाशिक
रविवार, रात्री

प्रिय मित्रास,
सप्रेम सलाम.

तुझे पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लिहायला बसलो की प्रत्येक वेळी हात अडत होता, कारण तुझ्या प्रश्नाचे उत्तर देताना मला स्वतःचीच एक गोष्ट उघडी करावी लागणार आहे. चर्चच्या मंडळीला मोठी देणगी देणाऱ्याला पुढे बसवले, त्याची जरा अधिक विचारपूस केली तर देवाचे काय बिघडते, छपराची दुरुस्ती शेवटी त्याच्याच पैशाने होते ना, असे तू विचारले आहेस. महिन्याभरापूर्वी मीही हेच म्हणालो असतो.

हंगामाच्या सणाच्या उपासनेला दारात उभे राहून लोकांना बसवण्याचे काम माझ्याकडे होते. पेठच्या बाजूने द्राक्षबागांच्या कामाला आलेले एक जोडपे, कडेवर लहान मूल, वेळेच्या बरेच आधी येऊन तिसऱ्या बाकावर बसले होते. छाटणीनंतर काड्यांना लावायच्या पेस्टचा रंग त्या माणसाच्या नखांत बसला होता, आणि बाईच्या मांडीवर फडक्यात बांधलेली नागली, म्हणजे नाचणी, होती, वेदीपुढे ठेवण्यासाठी गावाहून आणलेली. पहिले गीत सुरू झाले आणि आपले देणगीदार सहकुटुंब आले. मी वाकून त्या माणसाला म्हणालो, ‘‘मागे बसता का? बाळाला मोकळे वाटेल.’’ तो ‘‘हो साहेब’’ म्हणून लगेच उठला. त्याने कारण विचारले नाही, तोंड वाईट केले नाही. अशा उठण्याची त्याला सवय होती, आणि हेच मला आजपर्यंत सलते आहे. अर्पणाच्या वेळी पुढची रांग इतकी लांबली की शेवटच्या बाकांपर्यंत कोणी गेलेच नाही. उपासनेनंतर बाहेर अर्पणात आलेल्या भोपळ्याचा लिलाव चालला होता, बोली चढत होती, आणि नागलीचे ते गाठोडे मला शेवटच्या बाकावर तसेच सापडले.

त्या रात्री बायबलच्या नव्या करारातल्या याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. लहानपणापासून वाचलेला, पाठ असलेला भाग. पण त्यात मीच उभा आहे हे कधी दिसले नव्हते. सोन्याची अंगठी घातलेला एक जण सभेत येतो, मळकट कपड्यांतला दुसरा येतो. पहिल्याला चांगली जागा, दुसऱ्याला ‘तिकडे उभा राहा’ किंवा ‘माझ्या पायाशी बस’. पक्षपातासाठी मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थ शब्दशः ‘तोंड घेणे’ असा होतो, आणि आपण मराठीत ‘तोंड पाहून वागणे’ म्हणतो ते नेमके तेच आहे. याकोब याला शिष्टाचारातली चूक म्हणत नाही. तुम्ही न्यायाधीश होऊन बसलात आणि तुमचे विचार दुष्ट आहेत, असे तो म्हणतो, आणि थोड्याच ओळींनंतर व्यभिचार व खून यांची नावे घेतो. मला हे आधी अतिरेकी वाटे. आता वाटत नाही, कारण त्या दोन मिनिटांत मी खरोखरच एक निकाल दिला होता.

देणगीदार काय माणूस नाही, असे तू म्हणशील. आहेच. जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाच्या 19 व्या अध्यायात न्याय करताना गरिबाचीही बाजू घेऊ नये आणि थोराचेही तोंड पाहू नये, असे दोन्ही बाजूंनी सांगितले आहे, आणि याकोब ज्याला राजमान्य नियम म्हणतो ती ‘शेजाऱ्यावर स्वतःसारखी प्रीती कर’ ही आज्ञा तिथेच तीन वचनांनंतर येते. देणगीदाराला उशीर झाला होता. त्याला जिथे जागा होती तिथे बसवायचे, इतकेच करायचे होते. मला वाटते, त्याने मनावरही घेतले नसते.

हे पत्र कृपेपेक्षा कृत्यांवर भर देते म्हणून धर्मसुधारक मार्टिन लूथरने 1522 मध्ये त्याला पेंढ्याचे, म्हणजे हलके, पत्र म्हटले, हे तू मला पूर्वी ऐकवले आहेस. तारण कृपेने मिळते हे मीही मानतो. पण ‘दया न करणाऱ्याचा न्याय दयेवाचून होईल’ हे वाक्य मी लूथरच्या आडोशाला बसून चुकवू शकत नाही, कारण त्याच सकाळी पापांगीकारात ‘प्रभो, दया कर’ मी सर्वांबरोबर मोठ्याने म्हटले होते.

आपल्या शरणपूरचे नावच बघ ना. 1854 च्या सुमारास मिशनने ही वस्ती वसवली, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले इथे वाढली, शिकली. त्यांच्यातलाच जेकब वेनराइट आफ्रिकेत वारलेल्या मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंगस्टनचा मृतदेह समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत होता आणि 1874 मध्ये लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनाला हजर होता. याच नाशकात 2 मार्च 1930 ला काळाराम मंदिराच्या बंद दारांपुढे हजारो माणसे सत्याग्रहाला उभी राहिली. आपण मात्र ‘आमचे दार सर्वांना उघडे आहे’ असे अभिमानाने म्हणत आलो. दार उघडे होते हे खरे. पण आत आलेल्या माणसाला बाकावरून उठवायला मला बंद दाराची गरज पडली नाही.

पाळकांना मी सर्व सांगितले. त्यांनी ज्या बागेचा पत्ता दिला तिथे, दिंडोरीच्या अलीकडे, जाऊन आलो. काम संपवून टोळी निफाडकडे गेली होती. निफाडची डिसेंबरातली थंडी तुला ठाऊक आहे. हे लोक बांधावर प्लॅस्टिकच्या कागदाखाली झोपतात. ज्याला वस्त्र नाही त्याला नुसते ‘सुखाने जा, ऊब घ्या’ म्हणणाऱ्यांबद्दल याकोबाने लिहिले आहे, म्हणून प्रार्थनेत त्यांची नावे घेण्याआधी मला तिथे जायचे आहे. आणि खरे सांगायचे तर त्यांची नावेही मी विचारली नव्हती.

गुरुवारी सकाळी निघतो. दोन घोंगड्या आणि बाळासाठी एक स्वेटर काढून ठेवला आहे. नागलीचे गाठोडे न उघडता सोबत घेणार आहे. त्यांनी चालेल म्हटले तर पुढच्या रविवारी ते त्यांच्याच हाताने वेदीपुढे ठेवतील. नगरहून बुधवारी रात्रीपर्यंत पोहोचता आले तर ये, दोघे मिळून शोधू.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
जिवलग मित्र