प्रवेशाआधी परवान्याचे नियम वाचावेत

मा. संपादक यांस,

महोदय,

मानसशास्त्र आणि समुपदेशन यांचे उच्च शिक्षण घेण्यासाठी अमेरिकेत येणारे काही मराठी विद्यार्थी ‘विवाह आणि कुटुंब थेरपी’ हा विषय निवडतात. मी कॅलिफोर्नियात हाच व्यवसाय करते आणि पदवीनंतर परवान्यासाठी लागणारे अनुभवाचे तास भरणाऱ्या उमेदवारांना, म्हणजे असोसिएटना, सुपरव्हिजनही (कामावरची देखरेख) देते. प्रवेशाच्या वेळी फी, शिष्यवृत्ती आणि विद्यापीठाची क्रमवारी यांची भरपूर चौकशी होते. परवाना कोणत्या राज्याचा, किती काळात आणि कोणत्या व्हिसावर मिळवायचा, हा प्रश्न मात्र बहुधा पदवी हाती आल्यावरच विचारला जातो. तोवर हातातला बराच वेळ निघून गेलेला असतो, म्हणून हे पत्र.

या व्यवसायासाठी देशभर चालणारा एक परवाना अमेरिकेत नाही. कॅलिफोर्नियाने १९६३ मध्ये कायदा करून सुरुवात केली आणि आज सर्व ५० राज्यांत परवाना लागतो. पण नियम ज्या त्या राज्याचे. कॅलिफोर्नियात नियमांत बसणारी पदव्युत्तर पदवी, किमान १०४ आठवड्यांत पूर्ण केलेले देखरेखीखालचे ३,००० तास आणि दोन परीक्षा, एक कायदा व नीतीची आणि दुसरी उपचारकौशल्याची, अशी अट आहे. या ३,००० तासांपैकी किमान १,७५० तास प्रत्यक्ष समुपदेशनाचे आणि त्यांतलेही ५०० जोडपी, कुटुंबे किंवा मुले यांच्याबरोबरचे असावे लागतात. ही ५०० तासांची अट मला मनापासून योग्य वाटते, कारण एकमेकांवर चिडलेली दोन माणसे समोर बसली असताना दोघांचाही विश्वास टिकवणे हे एकट्या व्यक्तीशी बोलण्यापेक्षा फार वेगळे काम आहे आणि ते वर्गात बसून येत नाही.

तास भरताना खरी अडचण येते ती प्रत्यक्ष समुपदेशनाच्या तासांची. समुपदेशनासाठी येणारी व्यक्ती ऐन वेळी आली नाही तर तो तास त्यात धरता येत नाही. नोंदी दर आठवड्याला ठेवाव्या लागतात आणि त्यावर सुपरव्हायझरची सही लागते. सर्वांत दुर्दैवी नुकसान होते ते नोकरीच्या कागदांमुळे: असोसिएटने पगारी कर्मचारी किंवा स्वयंसेवक म्हणूनच काम करायचे असते, आणि एखाद्या संस्थेने त्याला स्वतंत्र कंत्राटदार दाखवून १०९९ या करपत्रकावर मोबदला दिला, तर ते तास सर्वसाधारणपणे धरले जात नाहीत. वयाच्या पंचविशीत, परक्या देशात पहिल्यांदा नोकरी धरणाऱ्या मुलामुलींना हे ठाऊक असण्याचे काहीच कारण नाही. ते सांगण्याची जबाबदारी विद्यापीठाची आणि कामावर ठेवणाऱ्याची आहे. स्वयंसेवकाचे तासही ग्राह्य असल्यामुळे अनेक ठिकाणी ही पदवी पूर्ण होण्याआधीचे काम बिनपगारी करून घेतले जाते. ज्यांच्या घरी कर्ज काढून फी भरली आहे त्यांच्यावर हा भार सर्वांत जास्त पडतो, आणि हे मला अन्यायकारक वाटते.

विद्यार्थी व्हिसावर आलेल्यांसाठी याहून कठीण भाग पुढे आहे. एफ-१ व्हिसाधारकाला पदवीनंतर ‘ओपीटी’खाली (आपल्या विषयातले काम करण्याची तात्पुरती परवानगी) साधारणपणे १२ महिने काम करता येते. विज्ञान-तंत्रज्ञानाच्या ठरावीक शाखांना मिळणारी आणखी २४ महिन्यांची मुदतवाढ या अभ्यासक्रमाला मिळत नाही. टेक्सासच्या कायद्याला दोन वर्षांचा अनुभव आणि ३,००० तास हवे असतात, तेव्हा एका वर्षाच्या परवानगीत ते बसवायचे कसे? कॅलिफोर्नियात थोडी वाट आहे. तेथे अभ्यासक्रमातील १२ सेमिस्टर युनिट पूर्ण झाल्यावर शिकत असतानाच तास मोजायला सुरुवात करता येते आणि असे जास्तीत जास्त १,३०० तास ग्राह्य धरले जातात. ज्याने पहिल्या वर्षापासून हिशेब ठेवला त्याच्यापुढे पदवीनंतर १,७०० तास उरतात, ज्याने ठेवला नाही त्याच्यापुढे जवळजवळ सगळेच. मात्र विद्यापीठाबाहेर असे काम करण्यासाठी ‘सीपीटी’ची (शिकत असताना अभ्यासक्रमाचा भाग म्हणून काम करण्याची) परवानगी आधी घ्यावी लागते, आणि पूर्णवेळ सीपीटी १२ महिने किंवा त्याहून अधिक झाली तर ओपीटीचा हक्कच जातो.

पदवीनंतरच्या तारखाही तितक्याच जपाव्या लागतात. कॅलिफोर्नियात पदवी मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत असोसिएट नोंदणीसाठी अर्ज केला, आणि काम सुरू होण्यापूर्वी कामाच्या ठिकाणी बोटांच्या ठशांची तपासणी झाली असेल, तर नोंदणी क्रमांक येईपर्यंतचे तास वाया जात नाहीत. खासगी प्रॅक्टिसला ही सवलत नाही. तेथे क्रमांक येईपर्यंत थांबावे लागते. दुसरीकडे ओपीटीच्या काळात एकूण ९० दिवसांहून अधिक बेकार राहता येत नाही. दोन्ही मुदती एकाच वेळी चालू असतात, म्हणून नोकरीचा शोध शेवटच्या सत्रातच सुरू करावा, असे मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

हा सगळा खटाटोप करावा का, असे कोणी विचारले तर माझे उत्तर होकारार्थी आहे. १ जानेवारी २०२४ पासून मेडिकेअर या ज्येष्ठांच्या सरकारी विमायोजनेतही या थेरपिस्टांना थेट मोबदला मिळू लागला आहे. घरातले भांडण मातृभाषेत सांगता यावे असे वाटणारी मराठी कुटुंबेही या देशात आहेत, आणि त्यांना मराठीतून ऐकून घेणारे परवानाधारक हवे आहेत.

संघीय विद्यार्थी-मदत योजनेत सहभागी असलेल्या विद्यापीठांना, परवान्यासाठी तयार करणारा त्यांचा अभ्यासक्रम कोणत्या राज्याच्या शैक्षणिक अटी पूर्ण करतो हे जाहीर करणे बंधनकारक आहे. ही माहिती प्रवेशापूर्वी लेखी मागावी. पदवी पूर्ण होण्याआधीचे तास मोजले जातात का, सीपीटी कधीपासून मिळते आणि मागील परदेशी विद्यार्थ्यांनी उरलेले तास कोणत्या व्हिसावर पूर्ण केले, हेही सोबत विचारावे. परदेशी शिक्षणाविषयीच्या आपल्या पानावर या प्रश्नांना जागा मिळावी, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक मराठी थेरपिस्ट, कॅलिफोर्निया